विमान कंपन्या एक होतात तेव्हा युनियनच्या कामगाराचं काय होतं? कोकणातल्या कामगारांसाठी प्रश्नोत्तरं

सहार-सांताक्रूझच्या रॅम्पवर (विमानं उभी करून सामान चढवतात-उतरवतात तिथे), कलिन्याच्या हँगरमध्ये, गोव्यातल्या मोपाच्या चेक-इन काउंटरवर आणि आता नवी मुंबईच्या विमानतळावर रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली माणसं मोठ्या संख्येने काम करतात. पूर्वाश्रमीची एअर एशिया इंडिया १ ऑक्टोबर २०२४ ला एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये विलीन झाली आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात. तेव्हापासून गावाकडच्या घरांतूनही तेच तेच प्रश्न येत आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. विलीनीकरणात बहुतेकांची नोकरी टिकते. हातातून निसटतात त्या तीन गोष्टी: सेवाज्येष्ठतेचा क्रम, युनियनने केलेला जुना करार आणि सेवेचे कागद. या तिन्ही वाचवायच्या तर धावपळ विलीनीकरणाच्या तारखेआधी करावी लागते.

कंपनी विकली गेली काय आणि विलीन झाली काय, आम्हाला फरक काय पडतो?

खूप पडतो, आणि सगळ्यात आधी हेच तपासा.

नुसते शेअर विकले गेले तर मालक बदलतो, पण तुम्हाला नेमणूकपत्र देणारी कंपनी तीच राहते. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली ती अशी. कामगार जिथल्या तिथे राहिले, जुने करार आणि जुनी देणी त्याच कंपनीच्या नावावर राहिली. त्या व्यवहारात पहिलं एक वर्ष कुणाला कमी करायचं नाही आणि दुसऱ्या वर्षी कमी करायचंच असेल तर स्वेच्छानिवृत्ती द्यायची, अशी अट होती. ही अट करारामुळे आली होती. कायद्यात ती आपोआप मिळत नाही.

विलीनीकरणात मात्र एक कंपनी संपते आणि तिची माणसं, विमानं, कर्जं दुसरीत जातात. विस्ताराचं असं झालं. यासाठी कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ खाली योजना तयार होते आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण ती मंजूर करतं. त्या योजनेत कर्मचाऱ्यांबद्दल एक परिच्छेद असतो. शंभर पानांत तो अर्ध्या पानाचा असतो, पण तुमचं पुढचं सगळं त्यावर ठरतं.

तिसराही प्रकार आहे: कंपनी तुकड्यांनी जाते. २०२२ मध्ये एअर इंडिया खासगी झाली, पण सिंधुदुर्गातल्या चिपीला पहिलं विमान आणणारी अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. ग्राउंड हँडलिंग आणि इंजिनिअरिंगच्या उपकंपन्याही राहिल्या. काल एकाच डब्यात जेवणारे दोघे आज वेगवेगळ्या मालकांचे नोकर झाले. म्हणून वर्तमानपत्रातला मथळा बाजूला ठेवा आणि आपल्या पगारचिठ्ठीवर नाव कुणाचं आहे ते बघा.

विलीनीकरणात नोकरीचं संरक्षण कायद्यात आहे का?

आहे, पण ते नेमकं किती हे समजून घ्या. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये कलम २५-एफएफ होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्येही तीच तरतूद आली आहे. आस्थापना एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली, तर किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला नोकरकपात झाल्यासारखी नोटीस आणि भरपाई मिळते. मात्र तीन गोष्टी पाळल्या असतील तर ही भरपाई मिळत नाही:

१) बदलामुळे सेवेत खंड पडलेला नाही.
२) नव्या मालकाकडच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी नाहीत.
३) पुढे कधी कपात झाली तर जुनी आणि नवी सेवा सलग धरून भरपाई द्यायला नवा मालक बांधील आहे.

म्हणजे कायदा कंपनीला सांगतो, की या तीन अटी पाळ, नाहीतर पैसे दे. भरपाईचा दर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार आणि शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार. शेवटचा तुकडा सहा महिन्यांच्या वर असेल तर तोही वर्ष म्हणून धरतात.

‘मला नव्या कंपनीत जायचंच नाही’ असं म्हणून घरी बसण्याआधी वरच्या तीन अटी पुन्हा वाचा. त्या पाळल्या असतील तर केवळ मालक बदलला म्हणून भरपाई मागता येत नाही.

एचआरने दोन कागद दिले आहेत, जुन्या कंपनीचा राजीनामा आणि नव्या कंपनीचं नेमणूकपत्र. सही करायची का?

युनियनच्या माणसाला दाखवल्याशिवाय करू नका. सरळ विलीनीकरणात राजीनाम्याची गरजच नसते. कागद एकच लागतो: सेवा वर्ग केल्याचं पत्र. त्यात मूळ रुजू झाल्याची तारीख, हुद्दा, मूळ पगार आणि भत्ते, शिल्लक रजा आणि ‘सेवा अखंड धरली जाईल’ हे वाक्य असायला हवं.

राजीनाम्याने नेमकं काय बिघडतं ते आकड्यांत पाहू. समजा, एका लोडरचा ग्रॅच्युइटीला धरला जाणारा पगार २६,००० रुपये आहे. जुन्या कंपनीत त्याची चार वर्षं झाली, नवीत चार. ग्रॅच्युइटी म्हणजे पगार गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. एका वर्षाचे १५,००० रुपये. सेवा अखंड असेल तर आठ वर्षांचे १,२०,००० रुपये. राजीनामा देऊन नवी नेमणूक घेतली असेल तर ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं दोन्हीकडे भरत नाहीत आणि कायम कामगाराच्या हातात शून्य येतं. एका सहीची ही किंमत.

‘माझं कंपनीकडून काही येणं बाकी नाही’ असा मजकूरही या गठ्ठ्यात बऱ्याचदा घातलेला असतो. सही टाळता येत नसेल तर सहीच्या वर ‘हरकत नोंदवून’ असं हाताने लिहा, तारीख घाला, फोटो काढा आणि त्याच दिवशी युनियनमार्फत हरकतीचं पत्र ईमेलने पाठवा. आठवड्याने पाठवलेल्या पत्राचं वजन राहत नाही.

सिनिऑरिटी कशी जोडतात? आणि तिचं एवढं काय?

विमान कंपनीत बढती, बेस (नेमणुकीचं शहर), विमानाचा प्रकार, पाळी, रजा हे सगळं सिनिऑरिटीवर चालतं. आपल्याकडच्या माणसाला हे गणपतीच्या रजेवरून लगेच कळतं. चतुर्थीच्या आठवड्यात दहा जणांना रजा हवी आणि जागा तीन, तेव्हा यादीत वर असलेला कुडाळला जातो आणि खालचा रॅम्पवर बाप्पा साजरा करतो. कपात आली तर ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हा नियमही त्याच यादीवर लागतो.

दोन याद्या एक करायच्या चार पद्धती चालतात. एक उदाहरण घ्या. अ कंपनी जुनी, तिच्या एका श्रेणीत १०० जण. ब कंपनी नवी, त्याच श्रेणीत ५० जण. ब मधला ४० व्या क्रमांकाचा माणूस एकत्र यादीत कुठे जाईल?

शेपटाला जोडणी: आधी अ चे सगळे, मग ब चे. आपला माणूस १४० वा.

प्रमाणात गुंफण: अ चे दोन, ब चा एक, पुन्हा अ चे दोन. आपला माणूस १२० वा. आधी तो स्वतःच्या यादीत ८० टक्क्यांवर होता, आताही ८० टक्क्यांवरच राहिला.

रुजू तारीख: दोन्हीकडचे सगळे तारखेने लावायचे. ब कंपनीच नवी, त्यामुळे तिची माणसं आपोआप तळाला जातात. दिसायला ही पद्धत सगळ्यात न्याय्य, पण छोट्या आणि नव्या कंपनीच्या कामगाराला जवळपास शेपटाच्या जोडणीइतकीच जड जाते.

मिश्र: तारखेला काही गुण, श्रेणीतल्या स्थानाला काही गुण.

१२० आणि १४० यांत फरक २० जागांचा. दहा टक्के कपात आली, म्हणजे १५ जण गेले, तर १३६ पासून पुढचे जातात. पहिल्या पद्धतीत आपला माणूस घरी, दुसऱ्या पद्धतीत कामावर.

आणि आता महत्त्वाची गोष्ट. भारतात सेवा अखंड राहण्याला कायद्याचा आधार आहे, पण दोन याद्या कशा जोडायच्या याचा नियम कायद्यात नाही. तो योजनेत, कराराने किंवा व्यवस्थापनाच्या मर्जीने ठरतो. युनियनने आधी मागितलं नाही तर व्यवस्थापनाची मर्जीच उरते. आपल्या कंपनीची शेवटची सही-शिक्क्याची ज्येष्ठता यादी आजच मिळवून ठेवा. पुढे वाद झाला तर सुरुवात तिथूनच होते.

यादी जोडायची राहून गेली तर काय होतं?

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये कागदावर एक झाल्या, पण पगार, भत्ते, बढतीच्या साखळ्या आणि युनियन दोनच राहिल्या. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. मग सेवाशर्ती जुळवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २०१२ च्या सुरुवातीला आला. म्हणजे विलीनीकरणानंतर चार-साडेचार वर्षांनी. त्याच वर्षी मे ते जुलै दुसऱ्या बाजूचे, म्हणजे मूळ एअर इंडियाचे वैमानिक ५८ दिवस संपावर गेले. कारण नवं ड्रीमलायनर विमान. त्याचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सकडच्यांना दिलं तर आपल्या बढत्या मागे पडतील, ही त्यांची भीती होती.

दोन्ही संपांचं मूळ एकच. प्रशिक्षणाला कोण आधी जाणार हे आठवडाभराच्या वेळापत्रकात ठरतं, पण त्याने दहा वर्षांची बढती ठरते. त्यामुळे वाटाघाटीत पगाराइतकीच जागा प्रशिक्षणाच्या क्रमाला द्या.

अमेरिकेत यासाठी वेगळा कायदा आहे म्हणतात, तो काय?

२००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही दुसरी विमान कंपनी घेतली. टीडब्ल्यूएच्या केबिन क्रूला यादीच्या शेपटाला जोडलं गेलं आणि पुढच्या कपातीची कुऱ्हाड त्यांच्यावरच पडली. वीस-वीस वर्षं नोकरी झालेली माणसं नवशिक्यांच्या खाली गेली होती. त्यातून २००७ च्या अखेरीस मॅककॅस्किल-बाँड दुरुस्ती आली. तिच्यानुसार ज्येष्ठता ‘न्याय्य आणि समतोल’ रीतीने जोडावी लागते आणि जमलं नाही तर लवादाकडे (दोन्ही बाजू ऐकून निवाडा देणाऱ्या तटस्थ माणसाकडे) जावं लागतं. दोन्हीकडे एकच युनियन असेल तर युनियनचा स्वतःचा नियम चालतो.

लवाद आला की भांडण मिटतं असंही नाही. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या. वैमानिकांच्या यादीचा निवाडा २००७ मध्ये आला, पण यूएस एअरवेजच्या बाजूच्या वैमानिकांनी तो नाकारला, जुनी युनियन हटवून नवी आणली आणि वाद पुढची कित्येक वर्षं चालला. तोवर दोन्ही गट जुन्याच पगारावर उडत राहिले. डेल्टा-नॉर्थवेस्टमध्ये तर नॉर्थवेस्टच्या केबिन क्रूची जुनी युनियनच गेली, कारण २०१० च्या एकत्र मतदानात ती थोडक्यात हरली.

आमची युनियन मान्यताप्राप्त आहे. विलीनीकरणानंतर तिचं काय?

नोंदणी जात नाही, पण वाटाघाटीच्या टेबलावरची खुर्ची जाऊ शकते. नव्या संहितेत हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार सभासद असलेली युनियन एकटी वाटाघाट करते. तसं कुणीच नसेल तर वाटाघाट परिषद बसते आणि तिच्यात यायला किमान २० टक्के लागतात.

समजा, तुमच्या कंपनीत १,२०० कामगार, सभासद ९००. म्हणजे ७५ टक्के, निर्विवाद. विलीनीकरणानंतर एकूण कामगार ५,००० झाले. सभासद तेच ९००, पण आता १८ टक्के. परिषदेतही जागा नाही. एकही सभासद फुटला नाही आणि आवाज गेला. उपाय दोनच: तारखेआधी दुसऱ्या कंपनीतल्या युनियनशी हातमिळवणी, किंवा तिकडे सभासदनोंदणी. ‘ते आणि आपण’ ही भाषा बंद करायला इथूनच सुरुवात करावी लागते, आणि आमच्या मते सगळ्यात अवघड काम हेच आहे.

युनियनने केलेला जुना पगारकरार नव्या कंपनीला बांधील आहे का?

तो कसा झाला यावर आहे. समेट अधिकाऱ्यासमोर (मालक-कामगार वाद मिटवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर) झालेला करार मालकाच्या उत्तराधिकाऱ्यालाही बांधतो आणि सगळ्या कामगारांना लागू होतो, सभासद असोत वा नसोत. ऑफिसात बसून आपसांत केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. म्हणून विलीनीकरणाची कुणकुण लागली की आपसांतला करार समेट अधिकाऱ्यासमोर नेऊन पक्का करून घ्या.

मुदत संपली म्हणून करार आपोआप मरत नाही. कुणीतरी लेखी नोटीस देऊन तो संपवेपर्यंत आणि नोटिशीनंतरचे दोन महिने तो चालतो. पगार, भत्ते, कामाचे तास, रजा यांत बदल करायचा तर कामगाराला आधी बदलाची नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस थांबावं लागतं. विलीनीकरण झालं म्हणून यातून सूट नाही.

तक्रार कुठे करायची? रत्नागिरीच्या कामगार कार्यालयात?

नाही. ते राज्याचं कार्यालय आहे. हवाई वाहतुकीला ‘समुचित सरकार’, म्हणजे कामगार वाद ज्याच्या अखत्यारीत येतात ते सरकार, केंद्र सरकार आहे. मुंबई आणि नवी मुंबईसाठी प्रादेशिक कामगार आयुक्त (केंद्रीय), मुंबई. मोपा किंवा दाबोळीसाठी वास्कोचे सहायक कामगार आयुक्त (केंद्रीय). चुकीच्या दारात दिलेला अर्ज फिरत फिरत परत येईपर्यंत विलीनीकरणाची तारीख निघून जाते. अर्जात वाद एका वाक्यात लिहा, किती कामगारांचा ते लिहा, काय मागता ते लिहा. प्रकरण समेटात दाखल झाल्यावर त्या वादाशी संबंधित सेवाशर्ती मालकाला कामगाराच्या तोट्यात बदलता येत नाहीत. हीच या अर्जाची खरी ताकद.

मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने विलीनीकरणाच्या तोंडावर एकाच वेळी आजारपणाची रजा घेतली. कंपनीने काही जणांना काढलं. दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांकडे बैठक झाली आणि एका दिवसात काढलेल्यांना परत घ्यायचं ठरलं.

मग आम्हीही सगळ्यांनी एकदम रजा टाकली तर?

ते दिवस गेले. नव्या संहितेत ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संप धरला जातो. संपाला आधी नोटीस लागते, नोटिशीनंतर १४ दिवस संप करता येत नाही आणि समेट चालू असताना व तो संपल्यावर सात दिवसही नाही. बेकायदा संपात पगार जातो आणि शिस्तभंगाला दार उघडतं.

मी ‘एक्झिक्युटिव्ह’ आहे. मग मी कामगार नाही का?

हुद्द्याच्या नावाने ठरत नाही, प्रत्यक्ष कामाने ठरतं. काउंटरवर बोर्डिंग पास देणाऱ्याला ‘कस्टमर सर्व्हिस एक्झिक्युटिव्ह’ म्हटलं तरी तो व्यवस्थापक होत नाही. देखरेखीचं काम असेल तर पगाराची मर्यादा लागते. नव्या संहितेत ती महिना १८,००० रुपये आहे. आपण रोज काय करतो याचे पुरावे ठेवा: पाळीचा तक्ता, रोजचं कामवाटप.

माझा भाऊ कंत्राटदाराकडे लोडर आहे. त्याला यातलं काय मिळतं?

फार थोडं, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. त्याचा मालक कंत्राटदार आहे. विमान कंपन्या एक झाल्या तरी त्याचा मालक बदलत नाही, फक्त एका विमानतळावर दोन कंत्राटांच्या जागी एक कंत्राट राहतं. कपात तिथे होते. त्याने तीन गोष्टी कराव्या: कंत्राटदाराकडून नेमणूकपत्र मिळवणं, दर महिन्याला पीएफ जमा होतो का ते स्वतः पाहणं, आणि कंत्राट संपण्याआधी युनियनकडून ‘नव्या कंत्राटदाराने जुनीच माणसं घ्यावीत’ ही अट विमान कंपनीकडे मागणं. ही अट निविदेत आली तरच टिकते. तोंडी आश्वासन पावसाळ्यातल्या लाल मातीच्या वाटेसारखं असतं, पहिल्या सरीतच वाहून जातं.

घर, पास, औषधपाणी?

हे सर्वांत आधी जातं. मोफत तिकिटं आणि कॉलनीतलं घर ही बहुधा कंपनीची धोरणं असतात, कराराचा भाग नसतात. २०२२ नंतर एअर इंडियाच्या कलिन्याच्या वसाहतीतल्या कुटुंबांना घरं सोडावी लागली, कारण वसाहत विक्रीच्या व्यवहारात नव्हती. विलीनीकरणाच्या वाटाघाटीत या सवलती करारात लिहून घेतल्या तरच त्या मागता येतात.

योजनेवर आम्ही न्यायाधिकरणात हरकत घेऊ शकतो का?

कायद्याने हरकतीचा थेट हक्क किमान १० टक्के शेअर हातात असलेल्या भागधारकांना किंवा कंपनीच्या एकूण थकीत कर्जापैकी किमान ५ टक्के येणं असलेल्या धनकोंना आहे. कामगार त्यात नाहीत. तरी न्यायाधिकरण युनियनचं म्हणणं ऐकू शकतं, म्हणून योजना दाखल झाल्याबरोबर वकिलामार्फत हजर व्हा. स्पर्धा आयोगाकडे नोकऱ्यांसाठी जाऊन उपयोग नाही. तो बाजारातली स्पर्धा बघतो.

विलीनीकरण फसलं आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तर?

जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती गुंडाळण्याचा आदेश ७ नोव्हेंबर २०२४ ला दिला. मध्ये साडेपाच वर्षं. अशा वेळी दावा स्वतः दाखल करावा लागतो: दिवाळखोरी प्रक्रियेत कामगाराने फॉर्म डी, किंवा सगळ्यांच्या वतीने युनियनने फॉर्म ई. कंपनी गुंडाळली तर कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येते. ‘कामगार’ नसलेल्या कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची, आणि तीही मागाहून. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातले पैसे धनकोंच्या वाट्यात जात नाहीत.

तारखेआधी कोणते कागद जमवायचे?

नेमणूकपत्र, कायम केल्याचं पत्र, शेवटची बढती, ज्येष्ठता यादी, समेटात झालेल्या कराराची प्रत, शिल्लक रजेचा तक्ता, शेवटच्या बारा पगारचिठ्ठ्या, पीएफचं पासबुक. अभियंत्यांनी परवाना आणि प्रत्येक विमानप्रकाराच्या प्रशिक्षणाचे दाखले. कंपनीच्या ईमेलमधून हे सगळं स्वतःच्या ईमेलवर आत्ताच घ्या. जुनं खातं तारखेलाच बंद होऊ शकतं.

पीएफमध्ये एकच यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक) ठेवा. नव्या कंपनीने दुसरा काढला तर पेन्शनची दहा वर्षं मोजताना तुकडे पडतात. जुना पीएफ कंपनीच्या ट्रस्टमध्ये असेल तर ट्रस्टकडून हस्तांतराचा दाखला मागा.

आणि विमानतळाचा पास. तो कंपनीच्या नावाने असतो, त्यामुळे कंपनी बदलली की नवा लागतो. जुना जमा केल्याची पावती घ्या. नव्यासाठी पोलीस तपासणी लागते आणि कायमचा पत्ता गावचा दिला असेल तर कागद लांज्याच्या किंवा कुडाळच्या ठाण्यापर्यंत जातो. शेतीच्या दिवसांत घर बंद असेल आणि हवालदार परत गेला तर पास अडकतो, पास अडकला की कामावर जाता येत नाही. घरच्यांना आधीच फोन करून सांगा, आणि आधार व रेशनकार्डावरचं नाव कंपनीकडच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते पाहून ठेवा.